ए ट्रेन, मार्गे अमळनेर

चोपड्याला रेल्वे नाही. पाहुण्याला पत्ता सांगताना आधी हे सांगून टाकावं लागतं. अमळनेरला उतरा, नाहीतर धरणगावला, नाहीतर सरळ जळगावला; तिथून एसटी धरा, तापी ओलांडा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या की समजा आलात. उत्तरेला सातपुडा दिसत राहतो, त्यामुळे चुकायची सोय नाही. अशा गावात राहून, साठी उलटल्यावर, मी जे गाणं शिकायला घेतलं त्याचं नाव 'टेक द ए ट्रेन'. आगगाडी धरायला सांगणारं गाणं. घरात ही बातमी फुटली तेव्हा सौ.ने एवढंच विचारलं, "कुठून धरणार?"

गंमत अशी की, ते गाणंही मुळात पत्ताच आहे. ड्यूक एलिंग्टन यांनी बिली स्ट्रेहॉर्न नावाच्या पिट्सबर्गच्या एका पोरसवदा संगीतकाराला न्यूयॉर्कला बोलावलं आणि हार्लेममधल्या आपल्या घरी कसं यायचं ते सांगितलं: अमुक भुयारी गाडी धर. पोरगा हुशार. त्याने पत्त्याला चाल लावली. १९४१ साली रेकॉर्ड निघाली आणि पुढे एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ती खूणच होऊन बसली. आम्ही एवढी वर्षं लोकांना पत्ते सांगतोय, पण 'अमळनेरला उतरून चोपडा गाडी धरा' याला चाल लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाहुणेही आमचे तसलेच. स्टँडवर उतरतात आणि फोन करतात, "घ्यायला या."

या नादाला मला लावलं माझ्या भाचीने. ती पुण्याला नोकरी करते आणि शनिवार-रविवारी पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकते. आमच्या घरात भाची मानाची, मामाच तिच्या पाया पडतो. त्यामुळे तिला गुरू करायला वेगळा विधी लागला नाही. मी इथल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. दिवाळीला आली होती तेव्हा ती मंडळात येऊन बसली आणि घरी परतताना म्हणाली, "मामा, हात सुरात आहे तुमचा. पण तुम्ही सगळं आधी ठरवून वाजवता." खरंच होतं ते. भजनी मंडळात न ठरवता काही वाजवलं की टाळकरी मान वर करून बघतात. आयुष्यभर पतपेढीत हिशेब लिहिलेल्या माणसाला तेवढी मान पुरते.

घरी येऊन तिने फोनवर एला फिट्झजेराल्ड लावली. १९६० सालची बर्लिनमधली मैफल, गाणं 'हाऊ हाय द मून'. बाई आधी गाणं नीट शब्दांत गातात. मग शब्द संपतात आणि बाई थांबत नाहीत. डू-बी, शू-बी, डा-बा-डी असं काहीतरी विलक्षण वेगाने सुरू होतं. त्यात मधेच दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचा तुकडा डोकावतो, पुन्हा पळतो, तिसऱ्याचा येतो. शेवटाकडे तर त्या डोळ्यांत धूर गेल्याचं एक प्रसिद्ध गाणं घेतात आणि धुराच्या जागी घाम घालतात. सात मिनिटं हा दंगा. ऐकणाऱ्यालाही घाम फुटतो. जॅझमध्ये याला स्कॅट म्हणतात: शब्द बाजूला ठेवून, अर्थ नसलेल्या अक्षरांवर, गळ्याचं वाद्य करून, जागच्या जागी रचत गायचं. भाची म्हणाली, "करून बघा." मी गच्चीत जाऊन करून बघितलं. शेजारच्या कठड्यावरून जिभाऊंचं डोकं वर आलं. "आप्पा, काय व्हयनं? दात दुखस का?"

आता खरं सांगायचं तर, निरर्थक अक्षरांचं आपल्याकडे काय अप्रूप? मालिनी राजूरकर किंवा वीणा सहस्रबुद्धे यांचा तराणा ज्याने ऐकला आहे, त्याला शू-बी-डू ऐकून दचकायचं कारण नाही. तराण्यातली 'दिर दिर' ही अक्षरं सतारीच्या बोलांतली. स्कॅटमधली अक्षरंही तशीच ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या फुंकीतून आलेली. ट्रंपेटचा तुटक सूर हवा तर 'दात्', सॅक्सोफोनचा लांबट हवा तर 'डू'. ध्रुपदिये नोम्-तोम् करत राग उभा करतात तेव्हा कुणी त्यांना दाताचं विचारत नाही. उस्ताद अमीर खाँ यांचं म्हणणं असं की, तराण्याच्या अक्षरांना फारसीत अर्थ आहे, आणि त्यांनी त्याचा कसून शोध घेतला. असेलही अर्थ. पण द्रुत लयीत तराणा सुटला की फारसी कुणाला आठवते?

आणि तराणा तरी कशाला? आमच्या बसस्टँडबाहेर काळीपिवळीवाला उभा असतो त्याला ऐका. सकाळी तो "अडावद, धानोरा, यावल" असं सगळं स्वच्छ म्हणतो. दहा वाजेपर्यंत अडावदचा अ गळतो. "डावद-डावद-धानोरा." उन्हं चढली की धानोऱ्याचा 'नोरा' जातो, यावलचा ल जातो आणि "डाव्‌-डाव्‌-धा, याव्‌-याव्‌" एवढंच उरतं. पण ते एकसारखं नसतं. पिशवीवाली एखादी बाई थबकली की तो "धा" लांबवतो, ती वळली की आवाज अर्धा सूर चढतो, ती जीपमध्ये चढली की एक मात्रा गाळून पुन्हा पहिल्यापासून. मूळ चीज मांडायची, मग तिची मोडतोड करायची आणि गिऱ्हाईक बघून तान लांबवायची, हे सगळं त्याला येतं. त्याला कुणी स्कॅट शिकवलेलं नाही. मला मात्र पुण्याहून धडे घ्यावे लागले.

शेजारधर्म म्हणून खंडव्याचंही नाव घेतलं पाहिजे. भुसावळहून बऱ्हाणपूर, पुढे खंडवा. आमच्यात आणि त्यांच्यात सातपुडा आडवा आहे, एवढंच. तिथे १९२९ साली किशोरकुमार जन्मला. रीतसर तालीम नाही, गंडा नाही, आणि गळ्यातून काय वाटेल ते काढायचा. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' त्याने गायलं, आणि त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती आशा भोसले यांनी गायली. चाल पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्र यांची. एक संगीतकार नगर जिल्ह्यातला, एक गायिका सांगलीकडची, एक गवई सातपुड्यापलीकडचा. जॅझच्या नकाशात एवढा ऐवज आपला असताना आपण उगाच बुजतो.

सी. रामचंद्रांच्या पाठीशी गोवेकर होते हेही विसरून चालणार नाही. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने ट्रंपेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी रात्री ताजमहाल हॉटेलात नाचाला साथ करायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यात चिक चॉकलेटच्या हाताचं काम आहे आणि तो स्वतः पडद्यावरही दिसतो. आमच्या वडिलांच्या पिढीने तंबूत बसून त्या गाण्यांवर शिट्ट्या मारल्या आणि पडद्यावर चिल्लर फेकली. त्यांना कुणी सांगितलं असतं की हे जॅझ आहे, तर त्यांनी बहुधा चिल्लर परत मागितली असती.

या गाण्याच्या गोष्टी वाचायला लागलो आणि एक बाब खटकायला लागली. सगळ्या गोष्टींत अपघात. लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट तर वेदवाक्यासारखी सांगतात: २६ फेब्रुवारी १९२६, शिकागो, 'हीबी जीबीज' गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना शब्दांचा कागद हातातून पडला, तबकडी वाया जाऊ नये म्हणून त्याने मिळतील ती अक्षरं गायली, आणि स्कॅट जन्माला आलं. खुद्द आर्मस्ट्राँगच हे रंगवून सांगायचा. मला यात पहिल्यापासून लबाडी दिसते. एक तर त्याच्याआधी क्लिफ एडवर्ड्ससारख्यांनी असली अक्षरं तबकडीवर गायलेली आहेत. जेली रोल मॉर्टन तर ठणकावून सांगायचा की हे आम्ही कधीपासूनच करत होतो. आणि दुसरं म्हणजे ती तबकडी ऐका. कागद पडलेला माणूस असा गातो होय? कॉर्नेटवर जे तुकडे वाजवायला ओठ सरावले होते तेच तो गळ्याने घेतो, ठाशीव आणि निवांत. हडबडलेल्या माणसाचा त्यात मागमूस नाही.

एलाचीही अशीच एक गोष्ट आहे, फक्त ती खरी आहे, कारण ती तबकडीवरच आहे. त्याच बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरली. मग विसरल्याचंच तिने सुरात, यमक जुळवून सांगून टाकलं आणि मधेच आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आणि 'ईना मीना डीका'ची जन्मकथा? चाली बांधायच्या खोलीबाहेर पोरं खेळताना काहीतरी अगडम-बगडम म्हणत होती, ते आत ऐकू आलं, असं सांगतात.

अपघाताने गवई घडत असते तर आमच्या भजनी मंडळातून दर गुरुवारी एक घडला असता. पंखा पाचवर असतो, अभंगाचा कागद हमखास उडतो. बुवा अशा वेळी काय करतात ते मी वर्षानुवर्षं पेटीमागून बघत आलोय. ते डोळे मिटतात आणि "विठ्ठल विठ्ठल" सुरू करतात. टाळकरी उचलतात. कुणीतरी तबल्याखालून कागद ओढून काढतो, बुवांपुढे धरतो, गाडी पुन्हा रुळावर. विठ्ठलाचं नाव कुठेही बसतं, लयीत बसतं आणि पुण्यही लागतं. याहून सोयीची तजवीज शिकागोतही नसेल. पण बुवांचा अर्धा डोळा कागदाच्या वाटेकडे लागलेला असतो. एला शब्दांची वाट बघत नाही. तिला ते परत आले काय, न आले काय, सारखंच. या दोघांमधलं अंतर मला गाठायचं आहे असं भाचीने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "किती महिने?" ती हसली. महिन्यांचं काही बोलली नाही.

धडे सुरू झाल्यावर कळलं की अक्षरांनी अडत नाही. अक्षरं पोरगं पाळण्यातही काढतं. अडतं ते खालच्या जमिनीपाशी.

आपलं गाणं तंबोऱ्यावर चालतं. सा एकदा लागला की रात्रभर हलत नाही. राग त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये खाली सुरांचे गुच्छ असतात, कॉर्ड म्हणतात त्यांना, आणि ते दर दोन-चार मात्रांनी, फार तर आठ मात्रांनी बदलत जातात. 'ए ट्रेन' घ्या. भाचीने मला ते सरगमीत लिहून दिलं. पहिल्या आठ मात्रा सा-ग-प, म्हणजे बिलावलाचं घरगुती वातावरण. चाल खालच्या पंचमावरून मध्य गंधारावर उडी मारते. छान वाटतं, पेटीवाल्याला आपलंच वाटतं. आणि नवव्या मात्रेला ती येऊन कोमल धैवतावर बसते. खाली पेटीवर रे, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि वरचा सा एकदम दाबायचे. असल्या स्वरसंगतीचा राग आमच्या तरी ओळखीत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, पेटीच्या पट्ट्या अडकल्या. सौ. आतून म्हणालीच, "भाता फाटला का?" तिथे आठ मात्रा मुक्काम. मग तीव्र मध्यम खाली येऊन शुद्ध होतो, कोमल धैवत वर चढून शुद्ध होतो, पुढच्या चार मात्रांत पंचमाचा गुच्छ येतो आणि मग सा वर घरी. एवढा प्रवास बत्तीस मात्रांत.

भाचीचा पहिला गृहपाठ: यातलं काहीही न गाता फक्त सा धरून ठेवा, खाली मी गुच्छ बदलते. मला हसू आलं. सा धरायला काय लागतं? पण धरून बघितलं आणि पोटात खड्डा पडला. पहिल्या आठ मात्रा सा घरात होता. खाली रे चा गुच्छ आला, तोच सा उपरा झाला, खाली नि वर उतरावंसं वाटायला लागलं. पंचमाचा गुच्छ आला तेव्हा तर तो नुसता लटकत होता. धावत्या एसटीत उभ्या माणसाचं असंच होतं. तो जागेवरच असतो, वळण रस्ता घेतो आणि तोल याचा जातो. चाळीसेक वर्षं ज्या सा ला मी ध्रुवबाळ समजत आलो, त्याची ही अवस्था बघून मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मात्र पहिली इच्छा झाली ती पुन्हा धरून बघायची.

पुढचे गृहपाठ याच जातीचे. प्रत्येक गुच्छाचा फक्त पायाचा स्वर गा. मग एकाच स्वरावर राहा, पण लय बदलत राहा. मग लुईचा एखादा तुकडा श्वासासकट पाठ करा. मला वाटलं होतं, सुचेल तसं गायचं म्हणजे पाठांतरातून सुटका. उलट झालं. एलाच्या त्या सात मिनिटांत इतकी गाणी डोकावतात, कारण ती तिला पाठ होती. ज्याच्या कोठारात काही नाही त्याला ऐनवेळी सुचणार काय? विठ्ठल विठ्ठलच.

हिशेबात मात्र मी पहिल्या दिवसापासून पक्का. गाण्याचे चार भाग, त्यातले पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे, तिसरा वेगळा. एकेक भाग आठ बारचा, एकेक बार चार मात्रांचा. एकूण १२८ मात्रा. म्हणजे तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. भाचीला हे सांगितलं तर तीच चकित. पण आठ आवर्तनं जुळली म्हणून ताल जुळला असं नाही. आम्ही समेवर टाळी देणारी माणसं. तिकडे चुटकी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्यावर जोर द्यायचा मोह आवरायचा, हीच साधना. मी गुरुवारी भजनात नकळत दोन-चारवर मान हलवायला लागलो तेव्हा आमच्या पखवाजवाल्याने वाजवता वाजवता माझ्याकडे जे बघितलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

सरावाला जागा शोधणं हे वेगळंच प्रकरण. गच्चीवर जिभाऊ. शेतात राखणदार. शेवटी मिळाली ती पिठाची गिरणी. जात्यावर बायकांना ओव्या सुचायच्या. गिरणीत आपला नंबर कधी लागतो याखेरीज काही सुचत नाही, असं माझं इतक्या वर्षांचं मत होतं. ते बदलावं लागलं. गिरणीची मोटर एक भरदार सूर धरते. वर पट्टा फिरतो, आणि पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना दर फेरीला "टक्" वाजतो. जुना पट्टा असला की एक टक् जरा लांब पडते, पुढची जरा जवळ. लांब-जवळ, लांब-जवळ. पुण्याची मंडळी ज्याला स्विंग म्हणतात आणि महिना-महिना चुटक्या वाजवून शिकतात, ते इथे दादर ज्वारीच्या दळणाबरोबर फुकट मिळतं. एवढ्या घरघरीत कितीही मोठ्याने गायलं तरी बाहेर काही जात नाही. गिरणीवाल्याला फक्त ओठ हललेले दिसतात. तो मला नामस्मरण करतो असं समजतो आणि माझा डबा दोन बायकांच्या आधी घेतो. मी त्याचा समज दूर केलेला नाही.

गिरणीत एकच अडचण: ती सा सोडत नाही. माझ्या डोक्यात रे चा गुच्छ आलेला, तीव्र मध्यम लागलेला, आणि मोटर आपली सा वर ठाम. तिच्यावरून जमीन कल्पनेने बदलावी लागते. ते एकदा जमायला लागलं होतं, तिसऱ्या भागात मी चांगला रंगलो होतो, आणि लाइट गेली. मोटर मींड घेत खाली खाली जात थांबली. पट्टा थांबला. आणि त्या गच्च शांततेत पिठाने पांढऱ्या झालेल्या सगळ्या लोकांनी माझं पुढचं "शू-बी-डू-बा" स्वच्छ ऐकलं. गिरणीवाल्याने हात जोडले. म्हणाला, "कोणता मंतर शे, आप्पा?"

जॅझमध्ये एक प्रघात आहे: चार बार एकाने घ्यायचे, चार दुसऱ्याने, सवाल-जबाब. भाची म्हणाली, आपणही करू. ती पुण्यात, मी चोपड्यात, म्हणून व्हॉट्सॲपवर. तिने सोळा मात्रा गाऊन पाठवायच्या, मी त्यावर सोळा. तिचा सवाल सकाळी नऊला यायचा. मी जबाब जुळवून पाठवेपर्यंत साडेनऊ. तोवर ती ऑफिसात. पुढचा सवाल रात्री जेवणानंतर, आणि तोही आमच्याकडे रेंज असली तर. आठ आवर्तनांचं गाणं आम्ही दोन दिवस गायचो. भाचीच्या मते यात उत्स्फूर्तता राहत नाही. माझ्या वयाला हीच लय मानवते.

जबाबाची वाट बघत गच्चीत बसलो की साळुंक्या येतात. बोलक्या पक्ष्यांत यांच्याइतकी चौफेर बडबड दुसऱ्या कुणाची नाही. १९६३ साली एलिंग्टनचा ताफा हिंदुस्थानात आला होता, स्ट्रेहॉर्नही होता. दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या लकेरीवर त्याने एक आख्खी रचना बांधली, 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' नावाची. म्हणजे ए ट्रेनचा पत्ता लिहिणारा माणूस आपल्याकडे येऊन पक्ष्याकडून काहीतरी उचलून गेला. हे वाचल्यापासून मी साळुंकीला हुसकावत नाही. धान्य वाळत घातलेलं असलं तरी. याचा घरात त्रास होतो.

लग्नसराईत एक जुने बँडवाले भेटले. आता वरातीत डीजे आला, त्यांचं क्लॅरिनेट बरंचसं पेटीत असतं. न्यू ऑर्लिन्सला जॅझ उपजलं त्यात मिरवणुकीच्या आणि अंत्ययात्रेच्या बँडचा मोठा वाटा होता, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, मग गाऊन दाखवा काय ते. मी मंडपाच्या मागे, भांड्यांच्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून ए ट्रेनची ओळ गायली. त्यांनी पट्टी विचारली, क्लॅरिनेट लावलं, पहिल्या आठ मात्रा जशाच्या तशा काढल्या. कोमल धैवत आला आणि थांबले. "हाई सूर खोटा शे." मी म्हटलं, खोटा नाही, तसाच आहे. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळेला पंचमावरून त्या धैवताला असं हळूच घासत गेले की तो सूर एकदम सनईतला वाटला. मला महिनाभर जो सूर उपरा वाटत होता त्याला या माणसाने तीन फेऱ्यांत घरचा केला. मग पाणी पिऊन म्हणाले, वरातीत असंच असायचं. मुलाचे मित्र नोटा ओवाळायला लागले की आम्ही चाल सोडून द्यायचो आणि फिरायचो तिकडे फिरायचो. "पैसा सरनात का मुखडावर परत."

भाचीला मी हे सगळं जसंच्या तसं पाठवलं, क्लॅरिनेटच्या आवाजासकट. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि वाढपी ओरडताहेत. तिने ते तिच्या वर्गात ऐकवलं म्हणे. माझं गाणं ऐकवलं की नाही, हे मी विचारलं नाही.

सध्या नवीन गाणं चालू आहे. एलिंग्टनचंच, 'सी जॅम ब्लूज'. बारा बारचं, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं, आणि अख्ख्या चालीत सूर दोनच: प आणि सा. बाकीचं सगळं गाणाऱ्याने घालायचं. सौ.ला सांगितलं तर तिने पोळपाट पुसता पुसता विचार केला.

"दोनच सूर?"

"दोनच."

"मग घरी गा. आणि गिरणीत जाणार असाल तर या वेळी डबा नक्की बरोबर न्या. मागे नुसतेच जाऊन आलात."